मोटारींच्या शर्यतीचा रविवार

आमच्या घरात मोटारींचं वेड होतं ते बाबांना, आणि बाबांचा सगळा जन्म गेला पाण्यावर. धरमतरच्या खाडीत माल वाहणाऱ्या बार्जवर ते खलाशी होते. कधी कोळसा, कधी खताची पोती, कधी नुसती रेती. बार्ज चालणार भरतीच्या मर्जीने, आणि भरती नसेल तर जेटीला बांधून स्वस्थ बसणार. असल्या धंद्यात ज्याची हयात गेली त्याला वेगाचं अप्रूप वाटावं यात नवल नाही. बार्ज उभी असली की बाबा पुलावरून अलिबागकडे जाणाऱ्या मोटारी बघत बसत आणि घरी येऊन आईला सांगत, "आज एक पिवळी गेली गो, अशी गेली की बघता बघता नाय!" आई भाकरी थापता थापता म्हणे, "गेली ना? मग जाऊं दे." स्वतः बाबा लहान मोटारीत कधी बसले नव्हते. एस्टीला ते मोटार मानत नसत.

ज्या हिवाळ्याबद्दल मी लिहितो आहे त्या हिवाळ्यात बाबा अंथरुणाला खिळले. छातीत पाणी झालं होतं. पेणच्या डॉक्टरांनी सुई टोचून पाणी काढलं आणि "जपा" म्हणून घरी पाठवलं. जपा म्हणजे काय करा, ते मात्र सांगितलं नाही. आमचं घर तसं आवाजाचं होतं. पश्चिमेचा वारा सुटला की कौलं वाजायची, उधाणाच्या दिवसांत बांधाबाहेर पाणी चढल्याचा घुमारा यायचा, पहाटे आईच्या पाट्या-वरवंट्याचा आवाज. त्या हिवाळ्यात या सगळ्यांवर बाबांचा खोकला बसला. जेवणं खोकल्याच्या मधल्या फटीत व्हायची. रात्री खोकला सुरू असेपर्यंत आई झोपायची, आणि खोकला थांबला की दचकून जागी व्हायची. मी एकोणीस वर्षांचा होतो, घरातला थोरला होतो, आणि बाबा जाणार या भीतीने मी आतून इतका पोखरलो होतो की ती भीती तोंडावर दिसू नये म्हणून सगळ्यांवर डाफरत असे. आईवर सर्वांत जास्त.

आमचं गाव पेण आणि कासूच्या मध्ये, रुळांच्या पश्चिमेला. साठ-सत्तर घरं, पुढे खारजमीन, मग बांध, मग मिठागरं आणि खाडी. रेल्वे रोह्यापर्यंत गेली त्याला फार काळ झाला नव्हता. तिच्यामुळेच गावातल्या आम्हा तिघांना रोह्याजवळच्या धाटावच्या एका कारखान्यात अॅप्रेंटिस म्हणून चिकटता आलं. मी, हिराजी आणि पद्माकर. पद्माकरला पद्या म्हणण्यापलीकडे कुणी कधी गेलं नाही. पहाटे बांधावरून चालत कासूला जायचं, गाडीने रोहा, रोह्याहून सायकली. तिघांची शिफ्ट एक, डबा खायची जागा एक, आणि सुपरवायझरच्या शिव्याही बहुधा एकत्रच. हिराजी दिसायला देखणा, त्यामुळे जरा आखडू. पद्याचं तसं नव्हतं. वडील लहानपणीच गेलेले, भावंडं नाहीत, घरात तो आणि त्याची आई वेणूकाकी. लोकांच्या अडचणीत धावून जाणं ही त्याची खोड होती. खोड म्हणतो, कारण कधी कधी त्याचा कंटाळा यायचा. तुम्ही नुसतं शिंकलात तरी हा आल्याचा काढा घेऊन दारात.

तर त्या सुमारास पनवेलच्या पलीकडे नवं शहर उठत होतं. खाडीकाठची खाजणं भरून रुंद रस्ते तयार झाले होते आणि त्यांवरून जायला अजून माणसं आली नव्हती. त्या रिकाम्या रस्त्यांवर एका रविवारी मोटारींची शर्यत ठरली. आमच्या कारखान्याच्या क्रीडा मंडळातल्या कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की शर्यतीला खास गाडी न्यायची. रोह्याहून सकाळी सुटणार, नागोठणं, कासू, पेण घेत पनवेलला पोहोचणार, संध्याकाळी तशीच परत. गेटावर पाटी लागली तेव्हा निम्म्या लोकांना वाटलं, बैलगाड्यांची शर्यत आहे. मोटारी एकमेकींशी शर्यत कशाला लावतील, त्यांना काय मान आहे का अपमान, असं आमच्या खात्यातल्या एका म्हाताऱ्या फिटरने विचारलं.

मी जाणार नव्हतो. घरात माणूस असा पडलेला असताना मोटारी बघायला जायचं हे मला पटत नव्हतं. पद्याने येऊन बाबांपुढे विषय काढला, मुद्दामच काढला. बाबा उशीला टेकून बसले. खोकल्याची उबळ जाऊ दिली आणि म्हणाले, "जा. बघून ये आणि मला सांग."

"मी घरात नको का?" मी म्हणालो.

"तू घरात राहून काय करतंस? माझ्यावर नजर ठेवतंस. मांजर उंदरावर ठेवतं तशी." मग आईकडे वळून, "त्याला लाव गो जायला. माझ्या घरातलं कुणी तरी मोटारींची शर्यत बघूं दे."

रात्री चुलीपाशी आई मला म्हणाली, "जा बाबा. तू परत येशील म्हणून ते तेवढा दिवस काढतील तरी." तिने हे इतक्या साध्या आवाजात सांगितलं की मला तिथून उठून बाहेर जावं लागलं. म्हणजे मी शर्यतीला निघालो तो मौजेसाठी नव्हे. बाबांना संध्याकाळची वाट बघायला लावावी, म्हणून निघालो.

सकाळी आम्ही निघालो तेव्हा वेणूकाकीने तिघांचा डबा एकत्र बांधून दिला. तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं, सुक्या जवळ्याची चटणी, आणि वर पोह्याचे भाजलेले पापड, जे प्रवासात मोडणार हे तिलाही ठाऊक होतं. बाई काटक होती. सडसडीत, उन्हाने रापलेली, पहाटेपासून रात्रीपर्यंत पायांवर. मिठागरावर डोक्यावरून मीठ वाहत तिने पोराला मोठं केलं होतं. हिराजीला म्हणाली, "तुझ्या बहिणीकडं मी दुपारी जाऊन बसतंय, तू निवांत जा." हिराजीची बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरलेले, आणि सुईण म्हणे मूल आडवं आहे. मला म्हणाली, "दत्तू, बाबाकडंबी डोकावतंय." अशी ती सगळ्यांची वाटणी करून घेत होती. पद्याची खोड कुठून आली ते सांगायला नको.

खास गाडी खरोखर खास होती. इंजिनाला झेंडूच्या माळा, डब्यांना आंब्याचे डहाळे, आणि प्रत्येक डब्यात एक तरी ढोलकी. कासूला गाडी थांबली तर आतल्यांनी आम्हाला हात धरून वर ओढलं. पेणला आणखी माणसं चढली, बायका, पोरंबाळं, एक वरातीचा बँडवालासुद्धा आपलं क्लॅरिनेट घेऊन. त्यातल्या फार थोड्यांना मोटारींशी कर्तव्य होतं. आपल्या नावाची गाडी आहे, ती आपल्यासाठी थांबते आणि आपल्यासाठी सुटते, एवढ्यावरच सगळे खूश होते. पद्या बायकांना जागा करून देण्यात गुंतला. पेण यायच्या आधी मी खिडकीशी बसून मागे पडणाऱ्या आमच्या गावाकडे बघत राहिलो होतो. घराघरातून सकाळचा धूर वर चालला होता आणि वारा नसल्यामुळे तिथेच कौलांवर रेंगाळला होता. एरवी त्याकडे माझं लक्षही गेलं नसतं.

शर्यतीबद्दल खरं सांगायचं तर बघण्यापेक्षा वाट बघणंच जास्त झालं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिंपं आणि जुने टायर रचलेले, त्यामागे माणसांची भिंत. मोटारी साध्याच, रस्त्यावर दिसतात तशा, पण आतल्या गाद्या काढलेल्या आणि दारांवर मोठे आकडे रंगवलेले. लांबून भुंग्यासारखा आवाज यायचा, तो वाढत वाढत छातीत शिरायचा, आणि माना वळेपर्यंत गाडी गेलेली असायची. उरायची फक्त धूळ आणि जळक्या रबराचा वास. मी प्रत्येक गाडीचा रंग पाठ करत होतो. बाबांना सांगायचं होतं ना! निळीचा पुढचा दिवा फुटलाय, पांढरीचा आवाज फाटका येतोय, असं मनात घोकत होतो. हिराजीने आम्हाला गर्दीतून पार लांबच्या वळणावर नेलं. तिथे शर्यतीच्या लाउडस्पीकरचे कर्णेही ऐकू येत नव्हते, पण गाड्या तिथे वेग कमी करत आणि नीट दिसत. भाकऱ्या आम्ही तिथेच एका सिमेंटच्या पाइपावर बसून खाल्ल्या.

दुपारनंतर त्याच वळणावर एक गाडी कलंडली. बाजूला झुकली, मग अगदी सावकाश, जणू ठरवून, टपावर पडली आणि चाकं वर करून फिरत राहिली. मग खिडकीतून एक हात आला, डोकं आलं, आणि तो माणूस बाहेर येऊन पँटवरची धूळ झटकू लागला. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. पद्या टाळ्या वाजवत नव्हता. तो म्हणाला, "याच्या आयशीला कुणी सांगू नये आज."

परतीच्या गाडीत ढोलक्या सकाळइतक्या वाजत नव्हत्या. पोरं मांड्यांवर झोपली होती. पेण सोडलं तेव्हा सूर्य खाडीवर टेकला होता आणि खारजमिनीतलं साचलेलं पाणी तांबडं झालं होतं. आम्ही तिघं दारात उभे होतो. आमचं गाव पश्चिमेला दिसू लागलं. गावावर धूर नव्हता.

हे आज समजावून सांगावं लागेल. आता घरोघरी गॅस आहे, गाडीतून गाव बघून काही कळत नाही. तेव्हा दिवेलागणीच्या सुमाराला प्रत्येक घरात चूल पेटलेली असायची, भात रटरटत असायचा, आणि गाव लांबून ओळखायचं ते धुरावरून. ती चूल गावात एकाच कारणाने बंद राहते. मढं उचललं जाईपर्यंत कुणी चूल पेटवायची नाही, मग घर वैऱ्याचं असो. शेजारच्या गावावर धूर होता. त्याच्या पलीकडच्या वाडीवर होता. आमच्या साठ-सत्तर कौलांवर नुसतं स्वच्छ आभाळ.

गाडी थांबवता येत नव्हती. आमचं गाव आमच्या डोळ्यांसमोरून गेलं, मागे पडलं, आणि आम्ही कासूची वाट बघत तसेच दारात उभे राहिलो. गावात म्हातारीकोतारी खूप होती, कुणीही असू शकलं असतं. पण मला माझंच घर दिसत होतं. हिराजीचा चेहरा पांढरा पडला होता, त्याला बहीण दिसत होती. मी देवाला म्हणालो, माझ्या घरचं नसू दे. त्याच्या घरचं असू दे असं म्हणालो नाही. पण आमच्यातून माझं वजा केलं की काय उरतं, हे कळण्याइतकं गणित मला येत होतं, आणि हिराजीलाही येत असणार, कारण आम्ही एकमेकांकडे बघत नव्हतो. माणूस म्हणून मी किती लहान आहे ते मला त्या दारात उभं राहून कळलं आणि पुढे आयुष्यात त्यात फारशी वाढ झाली असंही नाही.

पद्या तेवढा बोलत होता. कासूला उतरल्यावर त्याने माझ्या हातातली पिशवी काढून घेतली आणि आमच्या दोघांच्या मध्ये चालू लागला. बांधावरची वाट अरुंद, दोघांचीच, तरी हा मध्येच. "दत्तू, तुझा बापूस अजून धा वर्सं खोकणार हाय, माझ्याकडून लिहून घे. हिराजी, तुझ्या बहिणीकडं माझी आयस बसलीय ना? मग? ती असताना काय व्हतंय?" मी पळू लागलो की हा माझा दंड धरायचा. "पळू नको. पळून काय बदलत नाय." त्याचा हात गरम होता आणि घट्ट होता. त्याला स्वतःच्या घरची काळजी शिवलीही नाही. काळजी करायला त्याच्या घरात आजारी कुणी नव्हतंच.

गावाच्या वेशीवर माणसं उभी दिसली. पुरुष माणसं, डोक्याला टॉवेल. कुणी आमच्याकडे धावत आलं नाही, त्यामुळे आमची पावलंच थांबली. आणि मग त्या घोळक्यात मला बाबा दिसले. काठीवर भार देऊन, अंगाला घोंगडी लपेटून ते उभे होते. कित्येक आठवड्यांत अंथरुणाबाहेर न आलेला माणूस वेशीपर्यंत चालत आला होता. मला जो आनंद झाला तो सांगायला लाज वाटत नाही. मी रडलो, हसलो, "बाबा" म्हणून ओरडलो सुद्धा बहुतेक. ते माझ्याच दिशेने येत होते. एकेक पाऊल टाकत, धापा टाकत ते आले, आणि माझ्याजवळून पुढे गेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी पद्याचा हात धरला, ज्या हाताने त्याने माझा दंड धरला होता तोच.

"चल पोरा," बाबा म्हणाले. "आयस वाट बघतेय."

वेणूकाकी सकाळी आम्ही गेल्यावर थोड्या वेळाने गवताचा भारा घेऊन येत होती. बांधावर दम घ्यायला बसली, भारा शेजारी नीट उभा ठेवला, आणि तिथेच कलली. कुणी तरी सायकलने पेण स्टेशनला गेलं होतं. तिथून पनवेलला फोन झाला, कर्ण्यावरून पुकाराही झाला म्हणे. पण एवढ्या गर्दीत, आणि आम्ही कुठे! एकुलता एक मुलगा, अग्नी त्यानेच द्यायचा, तोंड त्याने बघायचं. गावाने ठरवलं, खास गाडी परत येईपर्यंत थांबायचं. हे सगळं मला नंतर आईकडून कळलं. हिराजीच्या बहिणीला दुसऱ्या दिवशी मुलगी झाली आणि दोघी सुखरूप राहिल्या. बाबांनी आणखी दोन पावसाळे काढले.

पण ती संध्याकाळ. अंगणात काकीला ठेवलं होतं. बायकांनी रडायला सुरुवात केली. पद्या रडला नाही. तो तिच्या पायांपाशी बसला आणि तिची पावलं त्याने दोन्ही हातांत धरली. मिठागरात जन्म काढलेल्या माणसाची पावलं ती, चिरा पडलेली. कुणी त्याला घाई केली नाही. गावचे जाणते गोमाजीनाना त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बस पोरा. तुला पायजे तवढं बस. आमी हाव." आणि खरंच, अंगणात उभं असलेलं माणूस न् माणूस हवं तितकं थांबायला तयार होतं.

मग शेजारच्या घरात एक मूल रडू लागलं. साधं रडणं, भुकेचं. त्याला कुणी तरी गप्प केलं, ते पुन्हा रडलं. पलीकडच्या घरातून दुसरं. पद्याने मान वर केली आणि आजूबाजूच्या कौलांकडे पाहिलं.

"नाना, सकाळपासून?" त्याने विचारलं.

"त्याचं तू बघू नको," नाना म्हणाले. "पोरांना कोरडे पोहे दिलेत. तू बस."

पद्याने आईची पावलं खाली ठेवली. सावकाश ठेवली, एकाशेजारी एक. मग तो उठला.

"उचला," तो म्हणाला. "पोरं भुकेली हायत."

आम्ही पुढे झालो आणि उचललं. आपल्या आईजवळ तो तेवढाच बसला.